आइसलँड नंतर, आधी भामरागड

ती रील तुम्हीही पाहिली असेल. आइसलँडची. काळा कुळकुळीत रस्ता, एका बाजूला जमिनीतून निघणारी वाफ, दुसऱ्या बाजूला धबधबा आणि पुढच्या वळणावर निळंशार तळं. त्या रस्त्याला रिंग रोड म्हणतात, तेराशे किलोमीटरच्या वर आहे. होस्टेलच्या गच्चीवर माझ्या रूममेटने ती सेव्ह केली, उसासा टाकला आणि म्हणाली, "आपल्याकडे काय आहे बे? कोळसा अन् ऊन."

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी सिंदेवाहीची. गावचं तळं माहीत, ताडोबाचं गेट माहीत. बाकी चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांबद्दल माझं ज्ञान पेपरातल्या मथळ्यांएवढंच: वाघ, चकमक, उष्माघात. म्हणून गेल्या दसऱ्याला मामेभावाची जुनी वॅगनआर मागून घेतली. मामेभाऊ ड्रायव्हर म्हणून सोबत फुकट आला. आम्ही चौघं, पाच दिवस, हजार किलोमीटरच्या आसपास. नागपूर, वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आलापल्ली आणि तिथून एक फाटा भामरागडला, दुसरा सिरोंच्याला. दिवाळीच्या सुट्टीत काय करायचं हे तुमचं अजून ठरलं नसेल, तर हे वाचा.

सुरुवात शेणापासून

हसू नका. नागपूरहून निघालात की बहुतेक जण चंद्रपूर गाठायच्या घाईत वरोरा मागे टाकतात. फार तर आनंदवनात थांबतात आणि ते थांबायलाच हवं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसोबत उभं केलेलं हे गाव आजही बघून येण्यासारखं आहे. पण वरोरा तालुक्यातच पिसदुरा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे बोर्ड, तिकीट, सेल्फी पॉइंट यातलं काही नाही. कापूस आणि सोयाबीनचं शेत आहे आणि मातीत करड्या-तपकिरी रंगाचे गोल-लांबट दगड आहेत.

ते दगड म्हणजे शेण. डायनोसॉरचं, दगड झालेलं.

१९ व्या शतकाच्या मध्यात नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी या गावाच्या शिवारातून हाडांचे जीवाश्म गोळा केले होते. हो, तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाच्या कॉलेजसमोर तुम्ही चहा पिता. पण खरी धमाल झाली २००५ मध्ये. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडी शेणाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात गवताचे कण सापडले. तोपर्यंत समज असा होता की डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. 'सायन्स' या नियतकालिकात तो शोधनिबंध आला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांना ती ओळ बदलावी लागली. २०११ मध्ये त्याच शेणातून पुढची गोष्ट निघाली: त्यातल्या काही गवतांचं नातं थेट भाताच्या कुळाशी आहे.

आता गंमत बघा. पिसदुऱ्याहून पूर्वेला निघालात की मूल, सिंदेवाही, सावली हा सगळा धानाचा पट्टा. आम्ही लहानपणापासून तीन वेळा भात खाणारे लोक. आणि या धानाचा साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा कुणी चुलत पणजोबा आमच्याच जिल्ह्यात एका डायनोसॉरने चावून खाल्ला होता. हे मला बारा वर्षांच्या शाळेत आणि तीन वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितलं नाही.

शेतात आम्हाला एक आजोबा भेटले. त्यांना विचारलं, हे दगड माहीत आहेत का? म्हणाले, "माहीत आहेत ना. कॉलेजचे पोट्टे येतात अन् पिशवीत भरून नेतात." तेवढं तुम्ही करू नका. शेत कुणाचं तरी आहे, विचारून पाय ठेवा. आणि दगड बघा, फोटो काढा, परत तिथंच ठेवा.

गरम पाणी कुठंय?

आइसलँडच्या रीलमधली पहिली गोष्ट वाफ. ती आपल्याकडे आहे का? चंद्रपूर जिल्ह्यात मेमध्ये ४६-४७ अंशांत डांबरी रस्त्यावरून वाफ निघाल्यासारखी वाटते, पण ती मोजायची नाही. मात्र गरम पाण्याचा झरा मी स्वतः पाहिलेला आहे. आठवीत असताना आजीला घेऊन आम्ही उनकेश्वरला गेलो होतो. हे गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या भागात आहे. आजीच्या पायाला वर्षानुवर्षं खाज होती आणि गावात कुणीतरी सांगितलं होतं की तिथल्या कुंडात अंघोळ केली की त्वचेचे रोग जातात. शरभंग ऋषींच्या रोगासाठी रामाने बाण मारून ते पाणी काढलं, अशी कथा तिथे सांगतात. मला आठवतो तो गंधकाचा वास, ओल्या पायऱ्या आणि पाण्यात पाय टाकताच आजीचा सैल झालेला चेहरा. खाज गेली नाही. पण आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची, "त्या दिवशी रात्री झोप लागली होती बाप्पा."

उनकेश्वर आमच्या या ट्रिपच्या रस्त्यावर नाही. चंद्रपूरहून वणी, पांढरकवडा करत वेगळा दिवस काढावा लागतो. पण पाण्याने ते आपल्याशी जोडलेलं आहे. पैनगंगा घुग्घुसजवळ वढा इथे वर्धेला मिळते, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला, आणि त्या दोघींची प्राणहिता होऊन ती सिरोंच्याला गोदावरीत जाते. म्हणजे आमची पूर्ण ट्रिप त्याच पाण्याच्या मागेमागे होती.

झरा गरम का होतो? ज्वालामुखी लागत नाही. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे मुद्दा भेगांचा. भूगोलात 'खचदरी' शिकलो होतो आठवतं? दोन भेगांच्या मध्ये जमीन खचते आणि लांबलचक खोल पट्टा तयार होतो. प्राणहिता-गोदावरीचं खोरं तशी खचदरी आहे. चंद्रपूर-सिरोंचा रस्ता या पट्ट्यालाच धरून खाली उतरतो. याच पट्ट्यात खाली तेलंगणात मणुगूरुला जमिनीतून गरम पाणी येतं आणि तिथे सिंगरेणी या कोळसा कंपनीने त्या उष्णतेवर २० किलोवॉटचा छोटा प्रायोगिक वीज प्रकल्पही केला. २० किलोवॉट म्हणजे एखाद्या कॉलनीचा गणपती मंडप उजळेल एवढीच वीज. पण सुरुवात आहे.

आपल्या बाजूला या खचदरीने आपल्याला दिला तो कोळसा. २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची जंगलं या खळग्यात गाडली गेली. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका हे सगळं एकच भूखंड होतं. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं गोंडवानालँड. गोंडांचा प्रदेश, गोंडवन, यावरून. अर्ध्या पृथ्वीला आमच्या शेजाऱ्यांचं नाव आहे आणि आम्ही विचारतो, आपल्याकडे काय आहे.

तो कोळसा जाळून चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेने उभं आहे. तुम्ही मुंबई-पुण्यात एसीत बसून ही रील बघत असाल तर त्यात थोडा धूर आमचा आहे. शहरात शिरताना त्या चिमण्या दिसतात आणि त्यांच्यामागे इरई धरणाचं भलंमोठं पाणी. धरण बांधलं ते या केंद्रासाठीच, हे मला त्या दिवशी कळलं. आणि कोळसा काढून घेतल्यावर खाली काय उरतं, याचं उत्तर घुग्घुसने दिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गडप झालं. घरातले लोक हादरा जाणवताच बाहेर पळाले म्हणून वाचले. खाली जुनी भूमिगत खाण होती. आइसलँडमध्ये जमीन फाटते तेव्हा लोक विमानाने बघायला जातात. आमच्याकडे लोक दुसऱ्या वॉर्डात भाड्याची खोली शोधतात.

राजाचं तळं, कोहळ्यांचं तळं

चंद्रपुरात एक संध्याकाळ ठेवा. जटपुरा गेटमधून आत, अंचलेश्वराच्या देवळापर्यंत. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाच्या अंगावर गाठी-फोडं होती, झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी अंगाला लागलं आणि तो बरा झाला, म्हणून त्याने इथे शहर वसवलं, अशी दंतकथा आहे. रोग, पाणी आणि बरं होणं: उनकेश्वरची कथाही तीच होती. आज झरपटचं पाणी पाहिलं तर राजाही दोन पावलं मागे सरकेल. देवळाशेजारी बिरशाहची समाधी आहे, ती त्याच्या मागे राणी हिराईने बांधली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली इतकी देखणी इमारत कुठे दिसते सांगा. आणि शहराभोवतीचा परकोट नीट पाहता येतो तो इको-प्रो या संस्थेच्या पोरापोरींमुळे. त्यांनी २०१७ पासून महिनोन्महिने सकाळी श्रमदान करून त्यावरची झाडंझुडपं काढली. तुमच्याच वयाचे होते बहुतेक.

गोंड राजांचं खरं काम मात्र तळ्यांत दिसतं. शहरातला रामाळा, पूर्वेला जंगलातला जुनोना. जो तळं बांधेल त्याला जमीन सवलतीने द्यायची अशी त्यांच्या राज्यात पद्धत होती, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. माझी मावशी तिथे वीस वर्षं राहते. तिलाही हे माहीत नव्हतं.

मूलच्या पुढे गेलात की दर पाच-सात किलोमीटरला एक तळं दिसायला लागतं. आमच्याकडे त्यांना मामा तलाव म्हणतात. मामाचा काही संबंध नाही, माजी मालगुजारी तलाव याचं ते लघुरूप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. इंजिनीअरिंगची डिग्री नाही, सिमेंट नाही. पाणी कुठून येतं, उतार कुठे आहे, पाळ किती उंच घालायची, हे बघून मातीची पाळ घातली. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, खालच्याचा धानाच्या बांधीत. शेवटी उरलं तर नदीत. सिंदेवाहीला आमच्या घरामागच्या अशाच एका तळ्यात मी पोहायला शिकले. ते मामा तलाव आहे हे मला या ट्रिपमध्ये, घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, एका पाळीवर उभं राहून कळलं. इंटर्नशिपला लागलेली मुलगी स्वतःच्या अंगणाची बातमी अशी उशिरा ऐकते.

धबधबा हवा असेल तर इथेच मिळतो, फक्त पावसाळ्याच्या शेवटाला या. सावली तालुक्यातल्या आसोलामेंढ्याचा आणि नागभीडकडच्या घोडाझरीचा तलाव, दोन्ही ब्रिटिश काळातले, भरले की सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन कोसळतं. चिमूर तालुक्यात डोम्याजवळ मुक्ताईचा धबधबा आहे. तो जंगलातला, खराखुरा, आणि माना समाजाचं श्रद्धास्थानही. चपला कुठे काढायच्या हे तिथल्या लोकांकडे बघून ठरवा. आणि एक गोष्ट मोठ्या ताईसारखी सांगते: तळ्यात उतरू नका. जुन्या तळ्यांचा तळ सपाट नसतो, गाळ असतो, अचानक खोली येते. घोडाझरीत बुडालेल्या मुलांच्या बातम्या मी डेस्कवर टाइप केल्या आहेत. सगळी पोरं अठरा ते पंचवीसची होती.

आलापल्लीच्या पुढे

गडचिरोलीपासून चामोर्शी, मग थोडं आत मार्कंडा. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळून वाहते आणि काठावर दगडी कोरीव देवळं आहेत. सकाळी जा, मूर्तींवर ऊन तिरपं पडतं तेव्हा. आष्टीनंतर रस्ता बदलतो. म्हणजे रस्ता तोच, पण तुमच्यापुढे आणि मागे ट्रक. सुरजागडच्या पहाडातलं लोहखनिज वाहणारे. लाल धूळ काचेवर बसते, वायपर चालवलं की चिखल. आमच्या मामेभावाने एका तासात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्याने आयुष्यात दिल्या नसतील. मी गप्प होते. या ट्रकांमुळे कुणाला नोकरी लागली आणि कुणाचा माणूस या रस्त्यावर गेला, दोन्ही बातम्या मी वाचल्या आहेत. रोड ट्रिपच्या लेखात त्यांचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण तुम्ही जाल तेव्हा तुम्हाला ते ट्रक दिसणारच आहेत.

आलापल्लीच्या जंगलात सहा हेक्टरचा एक तुकडा राखून ठेवलाय, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. २०१४ मध्ये तो राज्याचा पहिला जैविक वारसा म्हणून जाहीर झाला. इथले साग बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. आवाज कमी करा. जंगलात ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्यांसाठी माझ्याकडे छापता येईल असा शब्द नाही.

आलापल्लीच्या बसस्टँडवर आम्हाला ती भेटली. भामरागड तालुक्यातली, माडिया, गडचिरोलीत बीए दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी चालली होती, एसटी निघून गेली होती. आम्ही चहा पीत होतो. तिने आमच्या गाडीकडे बघितलं, आम्ही तिच्या पाठीवरच्या बॅगेकडे. "ताई, भामरागडला चालल्या का?" मागच्या सीटवर आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो आणि पुढचे सुमारे पासष्ट किलोमीटर तीच आमची गाइड.

तिने आधी आमचा प्लॅन विचारला. मी कौतुकाने सांगितलं: हेमलकसा, त्रिवेणी संगम, जमलं तर लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याचा धबधबा. ती म्हणाली, "बिनागुंड्याला तुमची गाडी जाणार नाही. अन् गेली तरी तिथं कोणाला विचारून चालल्या? कोणाचं गाव आहे ना ते." नंतर मी तिला रोड ट्रिप म्हणजे काय हे समजवायला लागले, म्हणजे कुठे पोहोचायचं नसतं, रस्ताच एन्जॉय करायचा असतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे. रस्ता कसा पण असू द्या, पोहोचलं पाहिजे."

पर्लकोटा नदीवरचा पूल आला तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली. ऑक्टोबरमध्ये पाणी खाली, शांत, हिरवट. पूल ठेंगणा. दर पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की हा पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड तुटतं, पलीकडच्या गावांसकट. तिने पुलाच्या पलीकडच्या दुकानांकडे बोट केलं आणि हात छातीपर्यंत नेऊन दाखवलं: एवढं पाणी असते. गेल्या वर्षी तिची परीक्षा होती आणि पूल बंद होता. तीन दिवस रोज सकाळी बॅग घेऊन ती काठावर येऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, तोवर पेपर झाला होता. "पुढच्या सेमिस्टरला दिला," ती म्हणाली, जसं आपण सांगतो की बस चुकली, दुसरी पकडली. मग हसली. "पावसाळ्यात या ना ताई. तेव्हा खरं भामरागड दिसते."

आम्ही तिथे फोटो काढायला उतरलो होतो. काढले नाहीत असं नाही, काढले. चांगले आले.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. सूर्यास्ताला संगमावर उभं राहा. पलीकडे छत्तीसगडचं जंगल सुरू होतं आणि संपताना दिसत नाही. त्याआधी हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य इथे घातलं. दवाखाना, आश्रमशाळा, प्राण्यांचं अनाथालय. सिनेमा बघून गेलात तर तुम्ही बिबट्या शोधाल. जरा दवाखान्याच्या व्हरांड्यातही बसा. कोण किती लांबून, कसं चालत आलंय ते ऐका. पुलाची गोष्ट तिथे जास्त कळते.

तीन राज्यांच्या काठावर

आलापल्लीला परत येऊन सिरोंच्याचा रस्ता धरला. शंभर किलोमीटर आणि चार तास लागले, त्यात मामेभावाने दोन वेळा टायर तपासले. वाटेत कमलापूरच्या हत्ती कॅम्पचा फाटा लागतो. हत्ती खरंच आहेत, वनविभागाचे, अंघोळीच्या वेळेला पोहोचलात तर नशीब. पाट्यांवर हळूहळू तेलुगू येते. चहा 'टी' होतो, जेवणात भाताचा डोंगर आणि त्यावर पप्पू. पप्पू म्हणजे वरण, घाबरू नका.

आणि इथे परत डायनोसॉर. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्यावरून इथल्या खडकांना भूशास्त्रात कोटा फॉर्मेशन म्हणतात, जगभर. ते पिसदुऱ्याच्या खडकांहून कितीतरी जुने आहेत, डायनोसॉर मोठे व्हायला नुकती सुरुवात झाली त्या काळातले. या खोऱ्यात १९६० च्या आसपास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं काढली. माणसाच्या उंचीएवढं एकेक मांडीचं हाड. १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोरी रवींद्रनाथांवरून, कारण १९६१ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. सांगाडा कोलकात्यात उभा आहे. आपल्या बाजूला वडधमला वनविभागाने जीवाश्म पार्क केलंय. दगड झालेले झाडांचे ओंडके आहेत, साल आणि गाठी अजून ओळखू येतात. मी एकावर हात ठेवला. उन्हाने तापला होता. माझ्या ट्रिपमधली जमिनीची उष्णता एवढीच.

सिरोंच्यात प्राणहिता गोदावरीला मिळते, पलीकडे कालेश्वरमचं देऊळ दिसतं. गोदावरीवर खाली मेडिगड्डा बॅरेज आहे, २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. पाणी तेलंगणासाठी अडवलं, पण त्याचा फुगवटा सिरोंच्याच्या शेतांत शिरला, त्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. आम्ही ज्या टपरीवर चहा प्यायलो तिथे विषय तोच होता. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती गोदावरीत येते. म्हणजे दोन दिवसांपूर्वी भामरागडला सोडलेलं पाणी आम्हाला परत भेटलं. एका बाजूला तेलंगणा, समोर छत्तीसगड, आपण महाराष्ट्रात. वाळूवर बसून आम्ही नागपूरहून आणलेल्या सांबारवड्या संपवल्या. पाच दिवसांच्या होत्या, कुणाला काही झालं नाही.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. धबधबा हवा असेल तर सप्टेंबरचा शेवट, पण मग भामरागडचा पूल उघडा आहे का ते आधी विचारून निघा. १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपुरात मुक्काम ठेवलात तर लॉज आधी बुक करा. १९५६ मध्ये नागपूरनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली होती, दीक्षाभूमीवर मोठी गर्दी असते. आलापल्लीला टाकी फुल करा, पुढे मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. मच्छरदाणी किंवा क्रीम न्याच, मलेरिया इथे थट्टेचा विषय नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, डिक्कीत बाटली ठेवून हुशारी करू नका. तपासणीला पोलिस थांबवतात, ओळखपत्र दाखवा, नीट बोला. अंधारात गाडी चालवू नका. घरचे पहिला प्रश्न नक्षलवादाचा विचारतील. माझ्या आईनेही विचारला. उत्तर असं की दिवसा जा, मोठ्या रस्त्याने जा, आडवाटेला लागण्याआधी तिथल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर जाऊ नका. गावात माणसांचे, घरांचे, गोटुलचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आम्हाला पेट्रोल, राहणं, खाणं मिळून प्रत्येकी साडेचार हजारांच्या आत पडलं.

ऑगस्टमध्ये एका रात्री व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला. चहाच्या रंगाचं पाणी, मधोमध पुलाचा एकही दगड दिसत नाही. खाली लिहिलं होतं, "ताई, पाहा आमचा धबधबा." मी लगेच उत्तर दिलं. दोन निळ्या टिका यायला पाच दिवस लागले.

डिसेंबरात आम्ही परत जातोय. तिने तलाठी भरतीची पुस्तकं मागवली आहेत, सीताबर्डीतून जुनी घेऊन ठेवली. रूममेट या वेळी परीक्षेमुळे येत नाहीये, त्यामुळे मागच्या सीटवर एक जागा आहे.